नणंदेसाठी दांडी

कोणी विचारलं की हल्ली काय करतेस तर मी सरळ सांगते, म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूममध्ये दांड्या बसवते. समोरचा दोन सेकंद गप्प, मग "अच्छा, म्हणजे इंटिरिअरच ना" असं काहीतरी म्हणून विषय बदलतो. माझ्या आईने तर वर्षभर तिच्या भिशीत सांगितलंच नाही, "लेक अजून किचनच्याच लायनीत आहे" एवढंच. आता त्याच भिशीतल्या चौघींकडे माझ्या दांड्या आहेत.

तर झालं असं, मी अकरा वर्षं एका मॉड्युलर किचनच्या दुकानात साइट सुपरवायझर होते. कोविडनंतर धंदा बसला तो नीट उठलाच नाही, मालकांनी दोनातलं एक शोरूम बंद केलं आणि २०२२ च्या दिवाळीनंतर माणसं कमी केली त्यात मी. वय ४३. दोन-तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, सगळीकडे पंचविशीतली पोरं टॅबवर थ्रीडी फिरवत बसलेली, मला विचारतात मॅम तुम्हाला कुठलं सॉफ्टवेअर येतं. मला मापं येतात आणि फिटर लोकांशी भांडता येतं. ते सॉफ्टवेअरमध्ये धरत नाहीत म्हणे.

त्यात फेब्रुवारीत आई पडल्या. आई म्हणजे सासूबाई, तेव्हा ७६. आम्ही पुण्यात कोथरूडला, बिल्डिंग ८० च्या दशकातली, बाथरूम चार बाय सहा. आंघोळ करून उठताना त्यांनी आधाराला टॉवेल रॉड धरला, तो रोजच धरायच्या, त्या दिवशी तो स्क्रूसकट बाहेर आला. म्हणजे रॉड हातात धरूनच पडल्या. उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले खुबा वाचला हे नशीब समजा, मनगट सहा आठवड्यांत जुळतं, खुब्याचं ऑपरेशन झालं की माणूस परत पूर्वीसारखा चालेलच असं नसतं.

ते सहा आठवडे आईंना मी आंघोळ घालायचे. दुखण्यापेक्षा त्यांना लाज जास्त वाटायची, पहिले चार-पाच दिवस तर माझ्याकडे बघायच्याच नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी अकरा वर्षं लोकांच्या घरात मापं घेऊनसुद्धा दिसली नव्हती. म्हातारं माणूस घरात नुसतं चालत नाही, ते धरत धरत चालतं. बेडरूममधून निघाल्या की पहिला हात कपाटाच्या कडेला, मग दाराच्या चौकटीला, मग पॅसेजची भिंत, मग बेसिनची कड. पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या थोडं वर एक मळकट पट्टा होता, मी दर दिवाळीला तो पुसायचे आणि मनात म्हणायचे हा पोरगा हात धूत नाही. तो पोराचा नव्हताच, तो आईंच्या हाताचा पट्टा होता. किती वर्षांपासूनचा कोण जाणे.

प्लास्टर निघायच्या आधी मी रविवार पेठेत बोहरी आळीला गेले दांडी आणायला. दुकानदाराला सांगितलं तर तो आत ओरडला, "ए, ती हँडीकॅपवाली दांडी काढ रे." जाड स्टीलची, हॉस्पिटलात असते तशी. मी दोन घेतल्या, घरी आणल्या, आईंनी बघितल्या आणि म्हणाल्या, "हे काय ससूनमधून आणलंस?" तरी लावायची ठरली. जुन्या साइटवरचा आमचा फिटर, मूळचा परांड्याचा, त्याला बोलावलं. तो म्हणाला ताई तीन फुटावर मारू का? मी हो म्हणणार होते, सवयीने. मग म्हटलं थांब, आईंना विचारू. आईंना स्टुलावर बसवलं, डाव्या हाताला साबण लावला आणि सांगितलं उठा, जिथे वाटेल तिथे भिंतीला हात लावा, विचार करू नका. साबणाचा ठसा उमटला तो जेमतेम २९ इंचावर, आणि फिटर जिथे भोक मारणार होता त्याच्या बरंच पुढे. तीन फुटावर लावली असती तर त्या दांडीला लोंबकळावं लागलं असतं, टेकून उठता आलं नसतं. तो साबणाचा ठसा म्हणजे माझा आख्खा धंदा आहे खरं तर, बाकी सगळं नंतर चिकटलेलं.

धंदा करावा हे डोक्यात भाच्याने भरलं. तो एमबीए करतोय, त्याने एक पीपीटी बनवून दिली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे जवळजवळ १० टक्के, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या आसपास माणसं, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा रिपोर्ट म्हणतो की २०५० पर्यंत भारतात दर पाचात एक माणूस साठीपुढचा असेल, आणि असे बरेच बाण वर जाणारे. "मावशी, ही सिल्व्हर इकॉनॉमी आहे, म्हणजे ज्येष्ठांभोवतीचा बाजार, तू योग्य वेळी आलीस." मार्केट केवढं आहे ते मला चांगलं कळलं. पहिलं गिऱ्हाईक कुठल्या गल्लीत राहतं ते त्या पीपीटीत नव्हतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते कारण लोक फार घाबरतात. शॉप अॅक्टला मी केलं तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नुसतं ऑनलाइन कळवायचं होतं, त्याची पावती मिळाली. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर होतं, एका एजंटने माझ्याकडे दीड हजार मागितले होते, मी घरी बसून अर्ध्या तासात केलं. सर्व्हिसला वर्षाची २० लाखांची उलाढाल होईपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, मी तिथून अजून लांब आहे. भाच्याने केंद्र सरकारची सेज नावाची योजनापण दाखवली, २०२१ मध्ये आली, ज्येष्ठांसाठी काही करणाऱ्या स्टार्टअपमध्ये सरकार एक कोटीपर्यंत भांडवल घालतं, ४९ टक्क्यांच्या आतला हिस्सा घेऊन. मी म्हटलं बाबा, माझ्याकडे एक ड्रिल मशीन, एक फिटर आणि अॅक्टिव्हा आहे, सरकारला ४९ टक्क्यांत मी काय देऊ, अॅक्टिव्हाचं मागचं चाक? शेवटी मुद्रा कर्जाच्या सगळ्यात छोट्या, शिशु गटातून ५० हजार घेतले. बँकेतल्या साहेबांनी फॉर्म वाचून विचारलं, "टॉवेल रॉडच ना हे?" मी म्हटलं साहेब, टॉवेल रॉड धरूनच आमच्या सासूबाई पडल्या. ते जरा थांबले आणि म्हणाले आमच्या वडिलांनापण एकदा बघून जा. बघून आले, दांडी लावू दिली नाही वडिलांनी. लोन मात्र झालं.

मग मी एका ज्येष्ठ नागरिक संघात बोलायला गेले. पुण्यात दर कॉलनीला एक संघ असतो, महिन्याला व्याख्यान, वाढदिवस, चहा-बिस्किट. साठेक माणसं होती. मी पडण्याबद्दल बोलले, जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे दिले की जगात दरवर्षी पडून ६ लाख ८४ हजार माणसं मरतात आणि त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढची, फोटो दाखवले, दांडी हातात देऊन फिरवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी उठून सांगितलं की विषय फार महत्त्वाचा आहे, आमच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या लोकांना सांगायला पाहिजे. ते स्वतः ८२ होते. ऑर्डर शून्य. चहा घेताना तीन जणींनी आईंची तब्येत मात्र विचारली.

पहिलं खरं काम आलं ते अमेरिकेतून. न्यू जर्सीतला एक मुलगा, मुलगा म्हणजे पन्नाशीचा, आई एकटी मयूर कॉलनीत. कुणीतरी माझा फोटो व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केला होता. रात्री साडेअकराला त्याचा कॉल, "मॅम, जे जे लागेल ते सगळं करा, बजेटचं टेन्शन घेऊ नका," आणि पैसे अॅडव्हान्स आलेसुद्धा. मी खूश. दुसऱ्या दिवशी फिटरला घेऊन गेले तर आजींनी दार अर्धंच उघडलं. "त्याला सांग, मी अजून मेले नाही." आणि दार बंद. मी जिन्यात उभी, हातात तीन दांड्या, फिटर म्हणतो ताई आता?

हे पुढे दहा वेळा झालं. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की ह्या धंद्यात पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा आणि हो-नाही ठरवणारा कधी कधी तिसराच, म्हणजे कामाच्या बाई नाहीतर ब्युरोकडून देखभालीला आलेल्या मावशी. किचनमध्ये असं नसतं, तिथे नवरा-बायको भांडतात पण दोघं समोर बसून भांडतात. इथे एक जण सात समुद्रापलीकडून काळजी पाठवतो आणि दुसऱ्याला त्या काळजीत आपण म्हातारे झाल्याची नोटीस दिसते. पोरगा पैसे टाकतो, आई पैसे परत करायला लावते, मध्ये मी. तीन जणांचे पैसे मी परत केलेत, पावत्या ठेवल्यात अजून.

मयूर कॉलनीच्या आजींकडे मी नंतर महिन्याने परत गेले, दांडी न घेता. म्हटलं मागच्या वेळी न सांगता आले, चुकलं माझं. चहा झाला, त्यांनी घर दाखवलं, आपल्याकडे पाहुण्याला घर दाखवतातच. मी पॅसेजमध्ये बघितलं, तसाच पट्टा, आमच्या आईंसारखा, फक्त जास्त गडद. बाथरूममध्ये गीझरच्या पाइपला कापड गुंडाळलेलं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या, "गरम होतो गं, हात भाजतो." म्हणजे उठताना त्या गीझरच्या पाइपला धरत होत्या! मी काही बोलले नाही, खरंच ओठ दाबून धरले. मग त्याच म्हणाल्या, "तू ते काय लावतेस ते एक लाव इथे. माझी नणंद येते मे महिन्यात, तिचे गुडघे गेलेत, तिला लागेल."

मी म्हटलं नणंदबाईंची उंची किती? "माझ्याएवढीच आहे."

साबण लावून ठसा घेतला. नणंदेसाठी.

तेव्हापासून मी 'सेफ्टी', 'सीनियर', 'वय' हे शब्दच काढून टाकले. कार्डावर आता फक्त लिहिलंय, बाथरूममधील आधार दांड्या, मापाने. लोकांना स्वतःसाठी नको असते, कुणासाठी तरी पाहिजे असते. आजोबांना हिच्यासाठी पाहिजे, हिला ह्यांच्यासाठी, दोघांना मिळून व्याह्यांसाठी. एका आजोबांनी तर कुत्र्याचं नाव सांगितलं, त्याला आंघोळ घालताना धरायला म्हणे. मी कुणालाही खोडत नाही. आणि हॉस्पिटलसारखी चकचकीत दांडी दाखवायचीच नाही हेही शिकले, मॅट काळी किंवा पितळी रंगाची नेते, वर टॉवेल टाकून दाखवते, नळाशी रंग जुळवून. किचनच्या दुकानातली अक्कल तिथे कामाला आली.

आता जरा कामाचं, कारण इथे लोक फसतात. पहिल्या दहा-बारा घरांतच माझ्याकडून दोन गोष्टी झाल्या. एका ठिकाणी भिंतीत गाडलेल्या पाइपात ड्रिल गेलं, खालच्या फ्लॅटच्या सीलिंगला ओल आली आणि रंगाचे नऊ हजार मी भरले. दुसरी जास्त वाईट. डॅडोच्या, म्हणजे भिंतीवरच्या टाइल्स कधी कधी सिमेंटच्या चार गोळ्यांवर चिकटवलेल्या असतात, मागे पोकळ. आम्ही फास्टनर, म्हणजे भिंतीत रुतणारा बोल्ट ठोकला, तो घट्ट वाटला, फिटर म्हणाला झालं. माझं मन मानेना म्हणून मी दांडीला धरून पाय उचलले, माझं वजन ६८. दांडी, दोन टाइल्स आणि मी, तिघंही खाली. आजी बाहेरून विचारतायत, "काय गं पडलं?" मी म्हटलं काही नाही आजी, मीच.

माझ्या जागी त्या असत्या तर, हा विचार करून त्या रात्री झोप नाही आली.

त्यानंतरचा नियम असा की आधी दहा रुपयांच्या नाण्याने टाइल ठोकून बघायची, भरीव टक आवाज आणि पोकळ टोक आवाज ह्यातला फरक आता आईंनासुद्धा कळतो. चार इंची विटेच्या भिंतीत स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती साधी गिट्टी चालणार नाही, पोकळ किंवा भुसभुशीत असेल तर केमिकल अँकर, म्हणजे बोल्ट भोकात चिकटवून टाकणारं रसायन, ते सुकेपर्यंत दांडीला हात नाही लावायचा. टाइलमधून जाईपर्यंत हॅमर बंद ठेवायचं, टाइलचं बिट वेगळं, नाहीतर तडा जातो. दांडी आणि भिंत ह्यांच्यात दीड इंच जागा, त्याहून जास्त नको, कारण हात घसरला तर कोपरापर्यंत आत अडकतो आणि मग पडणाऱ्या माणसाचा हातच मोडतो. आणि शेवटी, काम झालं की घरातल्या सगळ्यांसमोर मी लटकते. पाय वर, पूर्ण वजन. आजी लोकांना हे फार आवडतं. एकजण शेजारणीला बोलवून आणतात, "बघ, लटकते बघ." माझी जाहिरात म्हणाल तर हीच.

पण दांडीपेक्षा दार महत्त्वाचं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बहुतेक बाथरूमची दारं आत उघडतात. माणूस आत पडला की दारालाच आडवा होतो, बाहेरून ढकललं तर त्यालाच लागतं, आणि आतून कडी. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एका काकांसाठी सुतार येऊन दार कापेपर्यंत पाऊण तास गेला होता. आता मी प्रत्येक घरात सांगते, बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं करा आणि कडी काढून ते बाहेरून नाण्याने फिरवता येतं तसलं लॉक बसवा. दार फिरवायला पटकन तयार होतात. कडी काढायला नाही. सत्तर वर्षं आतून कडी लावून आंघोळ केलेली असते, कशी सोडतील. तिथे मी जास्त ताणत नाही, लॉक बसवून कडी तशीच ठेवते आणि दोन महिन्यांनी परत विचारते.

हा 'दोन महिन्यांनी परत'वाला भाग काकांमुळे चालू झाला. काका म्हणजे माझे खरे पार्टनर, वय ७१. पिंपरीच्या एका कंपनीतून टूलरूममधून रिटायर झालेले. आले ते तक्रार घेऊन. बायकोसाठी, हो बायकोसाठीच, दोन दांड्या लावून घेतल्या होत्या आणि म्हणाले कमोडजवळची आडवी नको होती, तिरपी पाहिजे होती, उठताना हात वर सरकतो तो आडव्या दांडीवर सरकेल कसा? कागदावर पेन्सिलने चित्र काढून आणलं होतं, बाणबिण सगळं. मी म्हटलं काका बरोबर आहे तुमचं, बदलून देते. बदलताना ते फिटरच्या डोक्यावर उभे. चौथ्या दिवशी त्यांनी प्लायचा एक साचा करून आणला, त्याला खाचा, त्यात पेन्सिल घालून ठशावरून चारही भोकांची जागा एका झटक्यात आखता येते, लेव्हल बॉटलसकट. ज्या कामाला आम्हाला अर्धा तास लागायचा ते पाच मिनिटांत. पैसे विचारले तर रागावले. मग दोन आठवडे फुकट साइटवर यायला लागले, काकू फोन करून मला म्हणाल्या, "घेऊन जा गं त्यांना, घरात माझ्या डब्यांना लेबलं लावतायत."

मीच मग ठरवलं, आठवड्याला तीन दिवस, दिवसाचे ७००. काका नाही-नाही म्हणाले, मी म्हटलं काका, फुकट येणाऱ्या माणसाला साडेनऊला या म्हणून कसं सांगू? ते त्यांना पटलं. दर शनिवारी पाकीट घेतात, मोजतात, आणि वहीत सही करतात, वही त्यांचीच आयडिया. आणि दुसरं म्हणजे काका सोबत असले की दारं उघडतात. मी सांगितलं तर सेल्सवाली, काकांनी सांगितलं तर "आमच्या हिच्यासाठी लावली, बरं पडतं हो." भाच्याच्या पीपीटीत साठीच्या पुढची सगळी माणसं गिऱ्हाईक म्हणून होती, त्यातलं एकही माणूस कामाला लावायचं त्याला सुचलं नव्हतं. मलाही नव्हतंच, काका स्वतःच आले.

मध्यंतरी एका आजींची मुलगी टोकियोजवळ राहते ती आली होती, तिने घर बघून विचारलं, ह्याचे पैसे विम्यातून नाही मिळत का? मी हसले. ती म्हणाली तिकडे एप्रिल २००० पासून देखभालीचा वेगळा विमा आहे, चाळिशीपासून प्रत्येकाचा हप्ता कापतात, आणि म्हातारपणी घरात दांडी लावणं, उंबरठा सपाट करणं, न घसरणारी फरशी, दार बदलणं ह्याला दोन लाख येनपर्यंतच्या कामाचा बराचसा खर्च विमा देतो, माणसाला उत्पन्नाप्रमाणे १० ते ३० टक्के भरावे लागतात. केअर मॅनेजर म्हणून एक माणूस असतो तो लिहून देतो ही दांडी ह्यांना का पाहिजे. तिकडे दांडीला 'तेसुरी' म्हणतात, कुणाला त्यात लाज वाटत नाही, घरोघरी असते. मी ऐकत बसले. माझ्या एकाही गिऱ्हाइकाला आजपर्यंत विम्याचा रुपया मिळालेला नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारची २०२४ ची वयोश्री योजना आहे, ६५ च्या पुढच्या आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना ३००० रुपये खात्यात, त्यात काठी, वॉकर, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा असं येतं. चांगलंच आहे, आमच्या धुणंभांडीवाल्या मावशींच्या आईला मीच फॉर्म भरून दिला. पण त्यांच्या वस्तीतली मोरी एवढुशी, संडास सार्वजनिक, तिथे दांडी लावायची कुठे? तिथे माझ्याकडेही उत्तर नाही. माझं गिऱ्हाईक कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे, पोरं बाहेर असलेली माणसं, हे मला माहितीये आणि टोचतं पण.

पैशाचं विचारतात सगळे, सांगून टाकते. पहिल्या वर्षी ३८ घरं, सगळं जाऊन हातात राहिलं ते किचनच्या दुकानातल्या सात महिन्यांच्या पगाराएवढं. दुसऱ्या वर्षी ११२ घरं, तेव्हा पगाराच्या वर गेले, थोडीशीच. दांडीत पैसा नाही, दांडी ऑनलाइन माझ्यापेक्षा स्वस्त मिळते. पैसा परत जाण्यात आहे. वर्षातून दोनदा जाऊन स्क्रू आवळायचे, फास्टनर हलतोय का बघायचं, रात्री आपोआप लागणारे दिवे चालू आहेत का, पायपुसणं सरकतंय का, पाणी जायच्या जाळीपाशी शेवाळ धरलंय का, चहा प्यायचा. ह्याचे वर्षाचे वेगळे पैसे घेते आणि ते पोरं परदेशातून निमूट भरतात, कारण त्यांना फोटो येतो आणि दोन ओळी येतात, आजी ठीक, गुडघा दुखतोय म्हणाल्या, लोणचं दिलं. बऱ्याचदा मला वाटतं ते पैसे त्या दोन ओळींचेच देतात.

अडचणी आहेतच. भाड्याच्या घरात मालक भोक मारू देत नाही. रीडेव्हलपमेंट चालू असलेल्या सोसायटीत लोक म्हणतात आता नवीन बिल्डिंगमध्येच लावू, आणि ती नवीन बिल्डिंग चार-पाच वर्षं येत नाही, मधली वर्षं कुणी मोजत नाही. एका बिल्डरच्या ऑफिसमध्ये मी जाऊन आले, म्हटलं नवीन फ्लॅटच्या बाथरूममध्ये निदान एक भिंत भरीव ठेवा, पुढे दांडी लावता येईल अशी, काही जास्त खर्च नाही. ते म्हणाले मॅडम आम्ही यंग फॅमिलीजना टार्गेट करतो. मी विचारलं यंग फॅमिली किती वर्षं यंग राहते तुमच्याकडे, तर चहा न देताच निरोप मिळाला.

परवा मयूर कॉलनीच्या आजींचा फोन आला, सकाळी सव्वासातला. नणंद आलीये म्हणाल्या. मला आधी कळेचना कुठली नणंद, इतक्या नणंदांसाठी दांड्या लावल्यात मी की खरी कुणाची येईल असं वाटलंच नव्हतं.

"अगं ती आलीये ना, तिला ती दांडी उंच पडतेय. ती बुटकी आहे."

"आजी, तुम्ही तर म्हणाला होतात तुमच्याएवढीच आहे."

"असेल पूर्वी. आता नाहीये."

"बरं मग खाली घेऊ का? फिटरला उद्या पाठवते, दहा मिनिटांचं काम आहे."

तिकडे जरा शांतता. मग आवाज एकदम खाली आला, नणंद बहुतेक शेजारच्याच खोलीत असावी.

"खाली नको घेऊस गं. मग मी कशाला धरू? तिच्यासाठी वेगळी लाव."

काकांना सांगितलं, साचा घेऊन उद्या साडेनऊला. साबण त्यांच्याकडे आहेच.